फ्लास्कमधल्या पेशी माणसाच्या आहेत, पण माणूस आहेत का?

पीएचडीचं कोर्सवर्क सुरू झालं की 'रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्स' नावाचा दोन क्रेडिटचा पेपर येतो. यूजीसीने तो सगळ्या शाखांना सक्तीचा केलाय. त्याचं पहिलं युनिट तत्त्वज्ञान आणि नीतिशास्त्राचं असतं, आणि विज्ञानाकडून आलेली बहुतेक मंडळी ते परीक्षेच्या आदल्या रात्री झेरॉक्स नोट्सवरून उरकतात. सगळी भीती प्लेजिअरिझमच्या युनिटची असते. कांट आणि ह्यूम यांचा आपल्या पीसीआरशी काय संबंध, असं मलाही वाटलं होतं. चांगले मार्क पडले आणि विषय डोक्यातून गेला.

तो विषय नंतर मला एका गावात, एका ओसरीवर पुन्हा भेटला. ती गोष्ट पुढे सांगते. आधी लॅबमधली गोष्ट.

आमच्या लॅबमध्ये हेला पेशी आहेत, पुण्याच्या एनसीसीएसमधून मागवलेल्या. ३७ अंश तापमान, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, गुलाबी मीडिया. फ्लास्क भरला की ट्रिप्सिन घालून पेशी सोडवायच्या, थोड्या नव्या फ्लास्कमध्ये टाकायच्या, उरलेल्यांवर ब्लीच ओतायचं आणि थोड्या वेळाने सिंकमध्ये सोडून द्यायच्या. म्हणजे मी दर आठवड्याला लाखांनी, कधी कोटींनी, जिवंत मानवी पेशी मारते आणि रात्री मला शांत झोप लागते. तुम्हालाही लागेल. कुणी विचारलंच तर आपण म्हणतो, "त्या फक्त पेशी आहेत."

या वाक्यातला 'फक्त' कुठून आला? मायक्रोस्कोपखाली तो दिसत नाही. वेस्टर्न ब्लॉटमध्ये त्याचा बँड येत नाही. तरीही तो इतका पक्का आहे की आपण त्याच्या भरवशावर रोजचं काम करतो. जैवनीतिशास्त्राचा पाया म्हणजे बऱ्याच अंशी या 'फक्त'ची चौकशी.

'माणसात आला' म्हणजे काय?

गंमत म्हणजे या चौकशीची अर्धी वाट मराठीने आधीच चालून ठेवलीय. दीर्घ आजारातून कुणी उठलं की आपण म्हणतो, "आता जरा माणसात आला." आजारी असतानाही तो होमो सेपियन्सच होता. "त्याच्यात माणुसकी नाही" म्हणताना आपण कुणाचे क्रोमोसोम मोजलेले नसतात. "घरात माणूस नाही" म्हणजे घरात करणारं-सवरणारं कुणी नाही. म्हणजे 'माणूस' हा शब्द आपण जीवजातीचं नाव म्हणूनही वापरतो आणि एक दर्जा, एक नातं म्हणूनही वापरतो. बोलताना घोटाळा होत नाही, कारण संदर्भ असतो. संशोधनाच्या प्रपोजलमध्ये मात्र हमखास होतो.

म्हणून दोन प्रश्न वेगळे करून ठेवा. पहिला प्रश्न: माझ्यासमोर जे आहे ते जिवंत आहे का, आणि मानवी आहे का? हा जीवशास्त्राचा प्रश्न आहे, त्याला टेस्ट आहेत. दुसरा प्रश्न: माझ्यासमोर जे आहे त्याचं मी काही देणं लागते का? त्याला दुखवू नये, विचारल्याशिवाय वापरू नये, असं काही बंधन माझ्यावर आहे का? यालाच 'नैतिक दर्जा' म्हणतात, आणि त्यासाठी कुठलंही किट मिळत नाही.

डेव्हिड ह्यूमने १७३९-४० मध्ये आलेल्या आपल्या ग्रंथात हीच अडचण दाखवली होती. लोक 'असं आहे', 'असं आहे' म्हणत जातात आणि मध्येच कधीतरी 'असं असायला हवं'वर उडी मारतात. ती उडी कशाच्या जोरावर मारली हे सांगत नाहीत. आपल्यासारख्यांसाठी याचा अर्थ सरळ आहे. डेटा कितीही चांगला असला तरी 'म्हणून हे करायला हरकत नाही' हा निष्कर्ष एकट्या डेटातून निघत नाही. मध्ये एक मूल्य लागतं. ते आपण लपवून वापरतो की उघड मांडतो, एवढाच फरक.

हेन्रिएटाचं देणं

हेला हे नाव हेन्रिएटा लॅक्स या नावातून आलंय, हे तुम्ही ऐकलं असेल. व्हर्जिनियातल्या तंबाखूच्या शेतीत वाढलेली आफ्रिकन-अमेरिकन बाई, पाच मुलांची आई. १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी उपचार घेत असताना डॉक्टरांनी तिच्या गाठीचा तुकडा काढून घेतला आणि तो जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेला. तिला विचारलं नव्हतं. त्या काळी तशी पद्धतच नव्हती. ४ ऑक्टोबर १९५१ ला, वयाच्या ३१व्या वर्षी ती गेली. पेशी मात्र दिवसाला दुप्पट होत राहिल्या. पोलिओच्या लशीच्या चाचणीपासून कर्करोगाच्या संशोधनापर्यंत सगळीकडे त्या पोचल्या, त्यांचा व्यापार झाला. तिच्या घरच्यांना हे कळायला वीसेक वर्षं लागली, आणि तेही संशोधक त्यांच्याच रक्ताचे नमुने मागत आले तेव्हा.

ही गोष्ट एथिक्सच्या प्रत्येक पीपीटीत असते: संमती घेतली नाही, वाईट झालं, पुढची स्लाइड. पण जरा थांबा. आपल्या दोन प्रश्नांनी ती तपासून बघा, ती दिसते त्यापेक्षा अवघड आहे.

हेला पेशी मानवी आहेत का? तुमच्या-माझ्या पेशीत ४६ क्रोमोसोम असतात, हेलामध्ये साधारण ७६ ते ८०. त्या शरीराबाहेर स्वतंत्रपणे जगतात, न थकता विभागत राहतात, दुसऱ्यांच्या फ्लास्कमध्ये घुसून तिथल्या पेशींना हुसकावून लावतात. हे पाहून १९९१ मध्ये ली व्हॅन व्हॅलेन आणि व्हर्जिनिया मायोराना या जीवशास्त्रज्ञांनी चक्क सुचवलं की ही वेगळी जीवजाती मानावी, आणि तिला 'हेलासायटॉन गार्टलेरी' असं नावही दिलं. बहुतेकांनी ते स्वीकारलं नाही. पण बघा, 'मानवी' या पहिल्या, सोप्या प्रश्नावरही वाद घालता येतो.

आणि दुसरा प्रश्न? फ्लास्कमधल्या पेशीला वेदना नाही, इच्छा नाही, उद्या नाही. तिचं आपण काही देणं लागत नाही, यावर जवळपास सगळेच सहमत होतील. मग संमतीचा एवढा गाजावाजा कशासाठी?

इथे मी स्वतः बराच काळ अडकले होते. उत्तर असं आहे की देणं पेशींचं नसतंच, ज्या बाईच्या त्या पेशी होत्या तिचं असतं. आणि ते ती गेल्यावरही पूर्ण संपत नाही. मार्च २०१३ मध्ये युरोपातल्या एका संशोधन गटाने हेला पेशींचा जीनोम इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला केला. वैज्ञानिक दृष्ट्या चांगलं काम. पण त्या जीनोममध्ये हेन्रिएटाच्या मुलांबद्दल, नातवंडांबद्दल माहिती होती आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं. साठ वर्षांपूर्वीची तीच चूक, नव्या मशीनवर. घरच्यांनी आक्षेप घेतला, डेटा मागे घेतला गेला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या एनआयएचने त्यांच्याशी करार केला. आता तो डेटा हवा असेल तर अर्ज करावा लागतो, आणि अर्ज तपासणाऱ्या गटात लॅक्स कुटुंबातले दोघं असतात.

म्हणजे नमुना माणूस नसतो, पण माणसाची गोष्ट त्याच्यात असते. हे वाक्य आज मी सहज लिहितेय. पहिल्या वर्षी मला ते कळलेलं नव्हतं.

आता ती ओसरी. आमच्या गटाच्या एका अभ्यासासाठी आम्ही एका तालुक्यातल्या गावी रक्ताचे नमुने घ्यायला गेलो होतो. कन्सेंट फॉर्मचं मराठी भाषांतर ऑफिसमधून करून आलं होतं, आणि त्यात एक वाक्य होतं: 'सदर नमुन्यांचा उर्वरित अंश भविष्यकालीन संशोधनार्थ जतन करण्यात येईल.' दुपार झाली होती, बर्फ वितळत होता, गाडीवाला हॉर्न वाजवत होता. साठीच्या पुढच्या एक मावशी अंगठा लावायला बसल्या. मी फॉर्म वाचून दाखवला, आशाताई साक्षीदार म्हणून शेजारी होत्या. मावशींनी विचारलं, "उरलेलं रक्त काय करता गं?"

मी म्हटलं, "काही नाही मावशी, टाकून देतो."

त्यांनी अंगठा लावला. आम्ही निघालो. रक्त उणे ८० अंशाच्या फ्रीझरमध्ये गेलं आणि तिथेच राहिलं.

मला खोटं बोलायचं नव्हतं. मला फक्त लवकर पुढे जायचं होतं. त्यांना एवढं तपशिलात काय कळणार, असंही मनात कुठेतरी असणार, नाकारण्यात अर्थ नाही.

चौदा दिवसांची रेषा

'माणूस' कुठे सुरू होतो याचा सगळ्यात गाजलेला वाद भ्रूणावरचा. १९७८ मध्ये इंग्लंडमध्ये पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, आणि त्याच वर्षी कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जींच्या प्रयत्नांतून दुसरी. शरीराबाहेर भ्रूण वाढवता येऊ लागल्यावर प्रश्न आला की उरलेल्या भ्रूणांवर संशोधन करायचं का, आणि किती दिवसांपर्यंत? ब्रिटिश सरकारने १९८२ मध्ये समिती नेमली. अध्यक्षपदी कुणी डॉक्टर नव्हता, मेरी वॉर्नॉक या तत्त्वज्ञ होत्या. १९८४ च्या अहवालात समितीने चौदा दिवसांची मर्यादा सुचवली, १९९० मध्ये तो कायदा झाला, आणि पुढे अनेक देशांनी तीच रेषा घेतली. आपल्याकडेही आयसीएमआर आणि डीबीटीच्या २०१७ च्या स्टेम सेल मार्गदर्शक तत्त्वांत ती आहे: चौदा दिवस किंवा प्रिमिटिव्ह स्ट्रीक दिसणं, यापैकी जे आधी होईल ते.

चौदाच का? साधारण त्या सुमाराला भ्रूणात प्रिमिटिव्ह स्ट्रीक दिसू लागते; डोकं कुठे, शेपटाकडची बाजू कुठे, हे ठरायला लागतं. त्याआधी एका भ्रूणाचे दोन होऊन जुळी होऊ शकतात, क्वचित दोन भ्रूण मिळून एकही होऊ शकतं. जे अजून एक होणार की दोन हे ठरलेलं नाही, त्याला 'कुणीतरी' कसं म्हणायचं? असा तो युक्तिवाद.

युक्तिवाद चांगला आहे, पण तो नेमकं काय करतो ते बघा. जीवशास्त्र सांगतं की चौदाव्या दिवसाच्या सुमाराला अमुक घडतं. त्या घडण्याला महत्त्व द्यायचं, हे माणसांनी ठरवलं. कुणी म्हणेल, गर्भधारणेच्या क्षणापासूनच दर्जा पूर्ण असतो, आणि त्या माणसाला तुम्ही गॅस्ट्रुलेशनचं चित्र दाखवून खोडून काढू शकत नाही. कुणी म्हणेल, संवेदना येईपर्यंत काहीच अडचण नाही. त्यालाही चित्र दाखवून उपयोग नाही. वॉर्नॉक यांना हे पुरतं माहीत होतं. वेगवेगळ्या श्रद्धांच्या लोकांना एकत्र राहायचं असेल तर मोजता येईल अशी, सगळ्यांना पाळता येईल अशी एक रेषा लागते, हा त्यांचा मुद्दा होता. मला हा प्रामाणिकपणा आवडतो. रेषा निसर्गाने आखली असं त्यांनी भासवलं नाही.

बरीच वर्षं या रेषेचा कस लागलाच नाही, कारण भ्रूण शरीराबाहेर तेवढे दिवस टिकतच नव्हते. २०१६ मध्ये केंब्रिज आणि रॉकफेलर इथल्या दोन गटांनी ते बारा-तेरा दिवसांपर्यंत वाढवले आणि नियम आहे म्हणून थांबवले. २०२१ मध्ये स्टेम सेल संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने सरसकट बंदी सैल करून प्रत्येक प्रयोगाचा वेगळा, कडक आढावा घ्यावा असं सुचवलं. आणि २०२३ मध्ये नवाच पेच आला: अंडं नाही, शुक्राणू नाही, फक्त स्टेम सेलपासून बनवलेल्या आणि चौदा दिवसांच्या भ्रूणासारख्या दिसणाऱ्या रचना. इथे फलन झालेलंच नाही. मग चौदा दिवस मोजायचे कधीपासून? तुमच्यापैकी कुणी या क्षेत्रात जाणार असाल तर हा प्रश्न तुमच्या टेबलावर येणार आहे, आणि तेव्हा 'नियमात असं लिहिलंय' एवढं पुरणार नाही, कारण नियम वेगळ्याच गोष्टीसाठी लिहिलेला होता.

कोण 'कुणीतरी' आहे?

आता तत्त्वज्ञांकडे. थोडक्यात सांगते, कारण यावर पुस्तकं भरपूर आहेत.

जॉन लॉकने सतराव्या शतकाच्या शेवटी 'मनुष्य' आणि 'व्यक्ती' यांत फरक केला. मनुष्य म्हणजे विशिष्ट शरीराचा प्राणी. व्यक्ती म्हणजे विचार करणारं, स्वतःला काल-आज-उद्या असं एकच म्हणून ओळखणारं कुणीतरी. इमान्युएल कांटने १७८५ मध्ये म्हटलं की विवेक वापरून स्वतःला नियम घालून घेऊ शकणाऱ्याला किंमत नसते, प्रतिष्ठा असते. त्याला केवळ साधन म्हणून वापरू नये. तुम्ही भरत असलेल्या संमतीपत्रामागे कांट उभा आहे, त्याचं नाव कुठे छापलेलं नसलं तरी. पीटर सिंगरसारखे उपयुक्ततावादी म्हणतात, मुख्य गोष्ट आहे वेदना जाणवण्याची क्षमता. मग ती माणसात असो की उंदरात. प्राणी प्रयोगांच्या परवानगीसाठी तुम्ही जे फॉर्म भरता, त्यामागे ही विचारसरणी बऱ्यापैकी आहे.

तिन्ही उत्तरांत एक समान गोष्ट आहे: ती क्षमता शोधतात. विचार करता येतो का, निवड करता येते का, दुखतं का. आणि त्यातला धोकाही उघड आहे. क्षमता कमी म्हटली की दर्जा कमी, अशी घसरगुंडी सुरू होते. नाझी राजवटीत १९३९ पासून अपंग आणि मनोरुग्णांना पद्धतशीर मारण्यात आलं, त्यात डॉक्टर होते. छळछावण्यांतल्या प्रयोगांबद्दल न्यूरेंबर्गला जो खटला चालला, त्याच्या १९४७ च्या निकालपत्रात दहा कलमांची संहिता आली आणि स्वेच्छेची संमती तिचं पहिलं कलम झालं. पण हेही नीट बघा: संमती अत्यावश्यक म्हटली की ज्याला संमती देताच येत नाही त्याचं काय? लहान मूल, बेशुद्ध रुग्ण, विस्मरणाचा आजार झालेले आजोबा? पुढच्या सगळ्या नियमावल्या या एका खड्ड्याभोवती फिरतात. आयसीएमआरच्या २०१७ च्या तत्त्वांत सात ते बारा वर्षांच्या मुलाचा तोंडी होकार आणि बारा ते अठराच्या मुलाचा लेखी होकार घ्यायला सांगितलाय, पालकांच्या संमतीशिवाय वेगळा. तत्त्वज्ञानाचा एवढा मोठा प्रश्न तिथे वयाच्या कंसात बसवलाय. हसू नका, दुसरा मार्ग सुचवून बघा.

क्षमतेच्या या कल्पनेला सगळ्यात जोरदार धक्का मला कुठल्या पुस्तकातून मिळाला नाही, तो मुंबईच्या केईएम रुग्णालयातून मिळाला. अरुणा शानबाग तिथे परिचारिका होत्या. नोव्हेंबर १९७३ मध्ये रुग्णालयातच त्यांच्यावर क्रूर हल्ला झाला, मेंदूचा प्राणवायू तुटला, आणि मे २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या तिथेच एका खोलीत होत्या. सुमारे ४२ वर्षं. लेखिका पिंकी विराणी यांनी त्यांना या अवस्थेतून सोडवावं म्हणून सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. त्यामागे क्रूरता नव्हती, करुणा होती: ही बाई जगतेय असं कशाच्या आधारावर म्हणायचं? लॉक कदाचित त्यांच्या बाजूने उभा राहिला असता.

विरोध केला तो केईएमच्या परिचारिकांनी. त्यांतल्या बऱ्याच जणी अरुणा यांना धडधाकट असताना भेटलेल्याही नव्हत्या. नोकरीला लागल्या तेव्हापासून त्यांनी त्यांना खाटेवरच पाहिलं होतं. तरी पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी भरवलं, आंघोळ घातली, कूस बदलली. इतक्या वर्षांत त्यांना एकही बेडसोर झाला नव्हता, हे ज्यांनी घरात अंथरुणाला खिळलेला माणूस सांभाळलाय त्यांना वेगळं समजावून सांगायला नको. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने अर्ज फेटाळला, आणि अरुणांच्या वतीने बोलण्याचा अधिकार रुग्णालयाच्या या कर्मचाऱ्यांचा मानला. त्याच निकालाने काही अटींवर उपचार थांबवण्याची वाटही भारतात पहिल्यांदा मोकळी केली. माध्यमांत जास्त चर्चा त्याची झाली.

परिचारिकांचं म्हणणं क्षमतेच्या भाषेत मांडताच येत नाही. त्यांच्या लेखी अरुणा काय करू शकतात हा प्रश्न नव्हता, त्या आपल्या कोण लागतात हा होता. माणूसपण एकेकट्या मेंदूत नसून माणसामाणसांच्या मध्ये असतं, असं हे मत. ते मला पटतं, पण त्यातली भेगही दिसते. ज्याचं कुणीच नाही, त्याचं काय? रस्त्यावर बेवारस सापडलेल्या रुग्णाचा दर्जा त्याला नातेवाईक नाहीत म्हणून कमी व्हायला नको. तिथे पुन्हा कांट लागतो, जो म्हणतो की प्रतिष्ठेसाठी कुणाच्या ओळखीची गरज नाही. म्हणून मला वाटतं, यातला एकच सिद्धांत निवडून बाकीचे फेकून द्या असं सांगणाऱ्या पुस्तकांपासून जरा सावध राहावं. प्रत्येक सिद्धांत कुणाला तरी बाहेर ठेवतो. आपल्या अभ्यासात तो नेमकं कुणाला बाहेर ठेवतोय, हे बघणं आपलं काम.

तुमच्या प्रपोजलमध्ये याचं काय करायचं?

एथिक्स कमिटीला सामोरं जाताना बहुतेक जण तिथल्या डॉक्टर सदस्यांची तयारी करून जातात: सॅम्पल साइझ, पॉवर, इन्क्लुजन क्रायटेरिया. पण नियमाप्रमाणे कमिटीत एक कायद्याचा जाणकार असतो, समाजशास्त्र किंवा नीतिशास्त्राचा एक माणूस असतो आणि एक सामान्य नागरिक असतो. अवघड प्रश्न बहुधा तिकडून येतो. "हे तुम्ही माझ्या आईला कसं समजावून सांगाल?" असा एक प्रश्न मी कमिटीसमोर ऐकलाय, आणि सादर करणारा सिनियर अर्धा मिनिट गप्प होता.

म्हणून प्रपोजल लिहिताना प्रत्येक नमुन्यासमोर ते दोन प्रश्न लिहून काढा. जैविक दृष्ट्या हे काय आहे? आणि यामुळे मी कुणाचं काय देणं लागते? सेल लाइन असेल तर देणं कुठेतरी दूर, पूर्वी होऊन गेलेल्या दात्याचं असेल. बायोप्सी असेल तर वॉर्डमध्ये पडलेल्या रुग्णाचं. जीनोमचा डेटा असेल तर ज्यांनी सहीच केली नाही अशा त्याच्या भावंडांचंही. 'स्वायत्तता, हित, अहित टाळणं, न्याय' ही चार तत्त्वं पाठ असू द्यात, पण ती ओळीने लिहून खाली आपलं नाव टाकलं म्हणजे विचार झाला असं होत नाही.

त्या मावशींचं पुढे काय झालं? वर्षाचा अहवाल भरताना 'उरलेल्या नमुन्यांची स्थिती' असा रकाना समोर आला आणि ती दुपार आठवली. दोन दिवस मी तो रकाना मोकळा ठेवला. मग गाइडना सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं, त्यांनी फक्त विचारलं, "त्या दिवशी किती जण होते?" एकोणीस. कमिटीला कळवलं, कमिटीने सांगितलं की पुन्हा जा, सगळ्यांना नीट सांगा, आणि जे नको म्हणतील त्यांचे नमुने नष्ट करून तशी नोंद करा.

आम्ही गेलो. दोघांनी नको म्हटलं. एका काकांनी कारण दिलं नाही, द्यायची गरजही नव्हती. मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग तेव्हाच सांगायचं की." मी माफी मागितली. त्यांनी विचारलं, "आता कुणाच्या नावानं ठेवलंय ते?"

"नाव नाही मावशी, नंबर आहे."

"कितवा?"

मी यादी पाहून सांगितला. त्यांनी नातवाला हाक मारली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कोपऱ्यात तो लिहून ठेवायला लावला. (नंबर सांगावा की नाही, यावर कमिटीत नंतर थोडी चर्चा झाली. आता आम्ही संमतीपत्राच्या त्यांच्या प्रतीवर तो लिहूनच देतो.)

फॉर्ममधलं ते वाक्यही बदललं. नवं वाक्य लिहायला आम्हाला तीन मीटिंगा लागल्या, आणि शेवटचा मसुदा आशाताईंनी दुरुस्त केला: 'तपासणी झाल्यावर तुमचं थोडं रक्त उरेल. ते आम्ही फेकणार नाही, पुढच्या अभ्यासासाठी थंड ठेवू. ते ठेवायचं नसेल तर आत्ता सांगा, किंवा नंतर कधीही सांगा. सांगितलंत तर आम्ही ते नष्ट करू, आणि त्यामुळे दवाखान्यात तुमचं काही अडणार नाही.'